डिस्क पुसण्याआधी

बायकोचा आवाज माझ्याकडे एकाच ठिकाणी उरला होता, जुन्या कॉम्प्युटरमध्ये. मुलगी बेळगावात खोली घेऊन राहायला लागली, तेव्हा कणगीचे कंद कसे उकडायचे, कसे सोलायचे, हे हिनं माइकसमोर बसून तिच्यासाठी सांगून ठेवलं होतं. सात-आठ मिनिटं. मध्येच मी "चहा हाय काय?" म्हणून ओरडतो आणि ही म्हणते, "थांबा की जरा, पोरीला सांगू द्या." मुलगी सुट्टीला येऊन ते घेऊन जाणार होती. त्याआधीच ही गेली. मग रोज दुपारी जेवण झालं की मी ते लावायचो. त्या 'थांबा की जरा'साठी जीव तुटायचा, अजून तुटतो.

पण कॉम्प्युटर थकला. सुरू करून गाईची धार काढून आलो तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच. कधी तो मध्येच बंद पडायचा आणि हिचं बोलणं अर्ध्यात राहायचं. रामनगरच्या दुरुस्तीवाल्यानं "टाकून द्या काका, नवा घ्या" म्हणत हात झटकले. मी त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

मुलगी म्हणाली, "बाबा, विंडोजच्या जागी लिनक्स घाला. जुन्या मशीनवर बरं चालतंय." तिनं बसच्या कंडक्टरकडे तीन पेनड्राईव्ह दिले. एकात दिसायला देखणं लिनक्स, दुसऱ्यात हलकं, तिसरा रिकामा. डिस्कला हात न लावता आधी नुसतं चालवून बघता येतं म्हणे. देखणं दोन पावलांतच धापा टाकू लागलं. हलक्याचा मेनू जुन्यासारखाच डाव्या कोपऱ्यात होता. तेच ठरवलं.

फोनला रेंज फक्त घरामागच्या टेकाडावर. तिथून तिनं बजावलं, "पयलं आईचं फोल्डर रिकाम्या पेनड्राईव्हवर काढून घ्या. मगच बाकीचं."

"व्हय गं," म्हणालो आणि खाली आलो.

पडद्यानं विचारलं, जुनं ठेवून शेजारी नवं घालू, की सगळं पुसून? आम्ही भाताची रोपं टाकण्याआधी त्या तुकड्यावर पालापाचोळा पसरून भाजतो. आग वरचं तण खाते, जमिनीतला कंद सुखरूप राहतो, पावसात पुन्हा वर येतो. मला वाटलं, हेही तसंच. वरचं जुनाट जाईल, आतलं राहील. फोल्डर काय, नंतरही काढता येईल. शहाणपणा नडला. 'सगळं पुसून'वर दाबलं.

अर्ध्या तासात नवं लिनक्स बसलं आणि मिनिटभरात उघडलं. मी खूश होऊन फोल्डर शोधू लागलो. संध्याकाळपर्यंत शोधत होतो.

टेकाडावर जाऊन मुलीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबा, म्या ते अजून ऐकलंच न्हवतं. आई गेल्यावर धीरच झाला न्हाई."

मग मी तिथंच दगडावर बसलो आणि तिला पहिल्यापासून सांगू लागलो. पाणी किती घालायचं, मीठ कधी, साल कुठून धरायची. मधला माझा चहा, हिचं ते 'थांबा की जरा'. शब्दन् शब्द पाठ होता. आवाज तेवढा माझा होता.