कूलरच्या टाकीतला रोटिफर

माझा पहिला फोटो माझ्या साडूंनी एका शब्दात निकालात काढला. "बुडबुडा." तोही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत. अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबलं नाही. काळ्या, जाड कडेचा तो गोल जीव मी तळ्याच्या पाण्यातून सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या मेहनतीने शोधून काढला होता. पुढे कळलं, तो खरंच हवेचा बुडबुडा होता. पण हे एकट्याला फोन करून सांगता आलं नसतं का?

अकोटच्या जिनिंगमध्ये गाठी उचलत मी वर आलो. आज अकोल्यात कापसाचा माझा स्वतःचा व्यापार आहे. सूक्ष्मदर्शक घेताना मी अशी घासाघीस केली की दुकानदाराने मोबाईल बसवायची क्लिप फुकट दिली आणि पुन्हा येऊ नका म्हणाला. अशा माणसाच्या फोटोला बुडबुडा म्हटलेलं मी विसरणार नव्हतो.

तळी शोधत दर्यापूरपर्यंत हिंडलो आणि भर मे महिन्यात रोटिफर सापडला तो घरच्याच कूलरच्या टाकीत, हिरव्या पाण्यात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव. डोक्यावर दोन चक्रं गरगर फिरल्यासारखी दिसतात. बुडबुड्याला चक्रं नसतात. याचा एक साफ फोटो टाकला की साडू गप्प. पण तो एका जागी ठरेल तर ना! मी नेम धरेपर्यंत हा काचेच्या दुसऱ्या टोकाला. माझ्याकडे जमले ते सगळे त्याच्या शेपटाचे फोटो.

त्यात बायको म्हणाली, "कूलर धुवाचा हाय. रविवारी ताई अन् भाऊजी येऊन राह्यले. त्या पाण्याले वास येते."

"सोमवारी धू."

"पाहुण्याइले वासात झोपवू काय?"

"मंग डबाभर पाणी काढून ठेवतो."

"ठेवा. पण भाऊजीसंगं भांडाचं नाई."

"ते बोलले तरी?"

"ते बोलले तरी."

"ते घरात असेपर्यंत," मी म्हणालो. एवढीच काय ती सूट मला मिळाली.

रविवारी साडूंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "काहीच दिसत नाही हो, साडूभाऊ."

"आत्ता होता. पळाला."

"तुमचे जीव फार पळतात." बायको दारात उभी होती. मी पाणी प्यायलो. "थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका," साडू म्हणाले. "कुंपण होतं. कापूस ओळखता ना?"

मला! कापूस! पण दारातून बायको हलली नव्हती. आत जाऊन मी नमुन्याच्या पुडीतली रुई घेतली, लांब धाग्याला भाव जास्त म्हणून लांबी पाहायला रोज ओढतो तशी दोन अंगठ्यांत धरून ओढली आणि चार तंतू थेंबात सोडले. रोटिफर कोंडवाड्यात शिरलेल्या गोऱ्ह्यासारखा मधे अडकला. चक्रं फिरतच होती. फोटो असा आला की मीच ओरडलो.

साडूंनी मोबाईल घेऊन फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. "टाका ग्रुपवर," म्हणाले. मी टाकला. माझ्याच पलंगावर, माझ्याच कूलरसमोर बसून त्यांनी खाली लिहिलं: "रोटिफर. उत्तम. माझ्या सूचनेनुसार काढलेला फोटो."

मी बायकोकडे पाहिलं. मग म्हणालो, "भाऊसाहेब, अजून थोडा चहा घ्या."

संध्याकाळी दोघांना स्टँडवर सोडलं, बसच्या खिडकीशी उभा राहून हात हलवला. अमरावतीची बस फाटकाबाहेर वळली. आता ते घरात नव्हते, सौदा पुरा झाला होता. मी तिथेच उभ्याने ग्रुपवर टाइप केलं: "कापूस माझा."

चालत्या बसमधून लगेच उत्तर आलं: "धागा आखूड वाटतो."

मग मात्र मी फोन लावला. पार अमरावतीजवळचं बडनेरा येईपर्यंत रेंज चांगली होती.