वाढलेलं हाड आणि नवशीचा अंगठा

मी तलासरीच्या एका शाळेत पीटीचा मास्तर. वीस वर्षं मुलांना एकच सांगत आलो, "दुखणं मनात असतं. पळा!" २०१६च्या उन्हाळ्यात एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि ते मनातलं दुखणं माझ्या डाव्या टाचेत शिरलं. भिंत धरत धरत मोरी गाठली. बायको मयुरा म्हणाली, "पळा की."

डहाणूच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. टाचेचं हाड वाढून बाभळीच्या काट्यासारखं टोक आलं होतं. त्यांनी बुटात घालायला मऊ गादी दिली, पोटऱ्या ताणायचे व्यायाम लिहून दिले. पीटीच्या मास्तराला व्यायाम! तो कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला. एक्स-रे मात्र आमच्या झाई गावात घरोघर दाखवला, अगदी वाडीत चिकू उतरवायला आलेल्या मजुरांनाही. त्यांतला लहान्या म्हणाला, "फोटो काय दाखवत फिरता सर? उधव्याच्या नवशीकडे जा. ती चोळते."

नवशी चाळिशीची, बुटकी, कमी बोलणारी. तिचा नवरा काकड्या ताडावरून पडला होता. मांडीचं हाड दवाखान्यात जुळलं, पण पाय आखडून लाकूड झाला. तिथल्या बाईंनी कसं चोळायचं ते एकदा दाखवलं आणि नवशीने ते दीड वर्ष रोज केलं. काकड्या चालू लागला, तशी पाड्यावरची माणसं आपापली दुखणी घेऊन तिच्या ओट्यावर यायला लागली. सूज किंवा ताप दिसला, की ती हात लावायची नाही. सरळ दवाखान्यात पाठवायची.

शेवटी मीही गेलो आणि तिच्या ओट्यावर पालथा पडलो. तिने मोहाच्या बियांचं तेल लावून पोटरी धरली.

"अगं, टाच दुखते, टाच!"

"ठाऊक आहे. टाचेला इथून ओढ बसते." अंगठा रुतला. मी असा ओरडलो की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

"दुखणं मनात असतं ना, सर?"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"माझी योगिता तुमच्याच शाळेत होती. पाय मुरगळला म्हणाली, तर तुम्ही तिला दोन चकरा जास्त पळवलंत."

मला योगिता आठवेना. तेच जास्त लागलं. "चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला काय सांगता? ती येते आता पाणी घेऊन, तिला सांगा."

योगिता आली. तेलाने माखलेल्या उघड्या पोटऱ्यांनिशी, पालथ्या पडल्या पडल्या मी माफी मागितली. ती ओढणी तोंडात धरून इतकी हसली, की माफ केलं की नाही ते कळलंच नाही.

आठ खेपा झाल्या. नवशीने घरी करायला व्यायाम सांगितले. नेमके तेच, डॉक्टरांच्या कागदावरचे. तिच्या अंगठ्याच्या धाकाने मी ते केले. दिवाळीपर्यंत दुखणं गेलं. ऐटीत पुन्हा एक्स-रे काढला, तर काटा जागच्या जागी! तडक उधव्याला गेलो.

"हाड तर तसंच आहे!"

"हाड घासून देते असं मी कधी म्हटलं? चालताना दुखतं?"

"नाही."

"मग त्या फोटोतल्या टाचेला घेऊन या. तिला चोळते."

२०१८पासून आमच्या क्रीडास्पर्धांना नवशी येते. पंचांच्या टेबलाशेजारी चटई टाकून बसते. ती एखाद्या मुलाला "आज पळायचं नाही" म्हणाली, की मी मुकाट्याने यादीतून नाव खोडतो. पुढच्याच वर्षी तिने शिक्षकांच्या शर्यतीतून माझंही नाव खोडायला लावलं. मला हायसं वाटलं, हे मात्र मयुराला अजून सांगितलेलं नाही.