मला नसलेला थोरला भाऊ

मला भाऊ नाही. एकुलता एक आहे, आणि तसाच वागतोस, असं बायको म्हणते. तरी अंबत्तूरमध्ये जवळजवळ सहा महिने मला एक थोरला भाऊ होता, ऑफिसच्या कागदावर, शिक्क्यासकट. त्याला जन्माला मीच घातलं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. चेन्नईत चांगली नोकरी होती, ती मी सोडली आणि शहराच्या कडेला अंबत्तूरला छोटीशी जागा घेतली. तिथे पत्र्याची शेड बांधायची, एक लेथ टाकायचा आणि जवळच्या ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यांना लागणारे बारीकसारीक भाग करून द्यायचे, असा बेत. बेत माझा, पण स्वप्न वडिलांचं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सांगलीकडे टर्नर होते. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्याच्या लेथवर केली. स्वतःचा लेथ असावा आणि त्यावरचा पहिला जॉब आपण काढावा, एवढं एकच मागणं त्यांनी आयुष्यात माझ्याकडे केलं, तेही आडून आडून. आणि आता साखर त्यांच्या डोळ्यांत उतरली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आज दिसतंय तेवढं सहा महिन्यांनी दिसेलच असं नाही. म्हणजे शेडला घाई होती. शेडला परवाना नाही तर वीज नाही, आणि वीज नाही तर लेथ म्हणजे नुसता लोखंडाचा ओंडका.

अशी घाई असलेल्या माणसाने काय करावं? गप्प बसावं. मी तमिळ बोललो.

नकाशे काढून अर्ज दाखल करायला मी एक म्हातारे गृहस्थ धरले होते. तंजावरकडचे मराठी. घराणं कित्येक पिढ्या तिकडेच, पण घरात अजून जुनं मराठी बोलत, तमिळ हेल काढून. मी त्यांना काका म्हणायचो. परवान्याच्या ऑफिसात शिरताना त्यांनी बजावलं, "तुम्ही उगे बसा. बोलणं आम्ही करू." मग ते झेरॉक्स काढायला बाहेर गेले आणि नेमकं तेव्हाच क्लार्कने माझी फाईल उघडली.

आता मी 'तीस दिवसांत तमिळ' छापाच्या पुस्तकाचे बारा दिवस संपवलेले होते. खाज काय कमी होती!

झालं होतं असं. जागेच्या खरेदीखतात लेखनिकाने माझं नाव तिकडच्या रीतीने घातलं होतं. आधी वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, टिंब, मग माझं नाव. आडनाव गुल. ते लिहिलं जात असताना मी पेढे वाटत होतो, त्यामुळे वाचलं नाही. अर्जावर मात्र मी स्वतः ठणठणीत अक्षरात लिहिलं होतं, माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. क्लार्कने दोन्ही कागद शेजारी ठेवले, एकावर बोट टेकवलं, दुसऱ्यावर टेकवलं आणि विचारलं, "रेंडु पेर?"

रेंडु म्हणजे दोन, पेर म्हणजे नाव. सातवा दिवस, धडा दुसरा. दोन नावं दिसतायत, असं विचारतोय बिचारा. "आमा, आमा," मी म्हणालो. हो, हो.

त्याने अर्जातल्या मधल्या नावावर, म्हणजे वडिलांच्या नावावर बोट ठेवलं. "इदु यार?" हे कोण?

"अण्णा," मी अभिमानाने सांगितलं.

त्याने मान हलवली आणि शांतपणे काहीतरी लिहून घेतलं. मीही मान हलवली. इतकी सुरळीत चाललेली तमिळ बातचीत मी आयुष्यात केली नव्हती. काका परत आल्यावर मी त्यांना म्हणालोसुद्धा, "काका, काम झालं. मीच उरकलं." त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला तेव्हा मत्सर वाटली.

महिन्याभराने ऑफिसचं पत्र आलं, तमिळमधून. काकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "तुम्हांस थोरले बंधू आहेत हे आम्हांस सांगितलं नाहीत."

"कुणाला? मला?"

"जागा दोघांची आहे. बंधूंचं संमतिपत्र आणा म्हणतात."

मग उलगडा झाला. तमिळमध्ये पेर म्हणजे नाव, आणि माणसं मोजतानाही पेरच म्हणतात. रेंडु पेर म्हणजे दोन नावं, तसेच दोघेजण. आणि अण्णा म्हणजे तिकडे वडील नव्हेत, थोरला भाऊ. हे तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं; रिक्षावाल्याला रोज अण्णाच म्हणत होतो की! थोडक्यात, क्लार्कने विचारलं, दोघेजण आहात का? मी म्हणालो, हो हो. हा दुसरा कोण? मी म्हणालो, थोरला भाऊ. त्या माणसाने एक अक्षरही चुकीचं लिहिलं नव्हतं.

उपाय सोपा होता. शंभरदा सांगतो, सोपा होता. खतातला माणूस आणि अर्जातला माणूस एकच, त्याला भाऊ नाही आणि तिकडच्या रीतीने त्याचं नाव असं लिहिलं जातं, एवढं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. अर्ध्या दिवसाचं काम. काकांनी मजकूर तयारही करून आणला.

पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी मीच आहे, हे मी शपथेवर सांगायचं? आणि आडनाव सोडून? आमच्यात आधी आडनाव विचारतात, मग पाणी विचारतात. मी म्हणालो, नाही म्हणजे नाही. ऑफिसने आमची पद्धत समजून घेतली पाहिजे. त्यासाठी मी इंग्रजीत चार पानी पत्र लिहिलं, मराठी माणसाच्या नावाची रचना. त्याला आकृती जोडली. बाणांसकट! क्लार्कने ते सावकाश वाचलं, आकृती उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली आणि आदराने विचारलं, "इनिशियल काय सार?"

मग दुसरं पत्र. मग वरच्या साहेबाची भेट, साहेब रजेवर. मग स्मरणपत्र. काका एकदाच म्हणाले, "आमच्या पूर्वजांनी कधीच सोडलं आडनाव. आम्ही इनिशियलवर जगतो, काही बिघडलं नाही. तुम्हांस नाव पाहिजे की शेड पाहिजे?"

"दोन्ही!" मी ओरडलो. टेबलावर हातही आपटला असेल. आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

बायको म्हणाली, "अरे, तू शेड बांधतोयस की आडनावाचं स्मारक?" तिच्याशी मी दोन दिवस बोललो नाही. तिला ते बरंच वाटलं असावं.

दर रविवारी अण्णांचा फोन यायचा. "पत्रे चढले का?" एवढंच विचारायचे. मी ऑफिसला शिव्या घालायचो, ते हूं हूं करायचे. मग एका रविवारी फोन आईने केला. अण्णा शेजारी होते, पण फोनवर आले नाहीत. आई हळू आवाजात म्हणाली, "परवा चहा कपाच्या बाहेर ओतला रे त्यांनी. हातावर. मला म्हणाले, मुलाला सांगू नकोस."

सोमवारी सकाळी नोटरीने दार उघडलं तेव्हा मी पायरीवर बसलेलो होतो. मी मीच आहे आणि मला भाऊ नाही, असं शपथेवर लिहून दिलं. पंचवीस मिनिटं लागली. पाच महिने मी त्या पंचवीस मिनिटांशी भांडत होतो.

अण्णांना आम्ही चेन्नईला आणलं. येताना त्यांनी आपलं जुनं मायक्रोमीटर फडक्यात गुंडाळून आणलं होतं. त्यावरच्या रेषा त्यांना दिसत नव्हत्या. खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि उजेड आहे एवढं कळतं म्हणायचे. लाज वाटायची मला त्यांच्यासमोर. त्यांनी एकदाही विचारलं नाही की उशीर का झाला. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, देव जाणे.

आणि परवाना आला! काका स्वतः घेऊन घरी आले. टाइपरायटरवर टाइप केलेला, खाली सही, शिक्का. काकांनी तो माझ्या हातात दिला, पण चेहरा विचित्र करून. मी मालकाचं नाव वाचलं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर, टिंब, मग अण्णांचं नाव. टायपिस्टने माझ्या त्या अर्जातली तीन नावं घेतली होती. आडनाव गावाचं नाव समजून गाळलं होतं आणि पहिल्याचं इनिशियल केलं होतं.

"म्हणजे काय हो, काका?"

"म्हणजे मालक तुमचे वडील," काका म्हणाले. "आणि त्यांचे वडील तुम्ही."

सहा महिने बापापेक्षा शहाणा होऊन वागलो, शेवटी कागदानेच मला त्यांचा बाप केला. बायको स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होती, मला आवाज येत होता.

"काय झालं रे?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं. इलाज नव्हता, सगळं सांगितलं, रेंडु पेरपासून चार पानी पत्रापर्यंत. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हात पुढे केला. "आण बघू इकडे."

कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला नाही. उलटा केला आणि मागच्या बाजूने अंगठा फिरवायला लागले. टाइपाचे ठोके कागदातून मागे उमटले होते. केसाएवढा फरक बोटाने सांगणारा माणूस तो.

"हे कुठलं? हे?"

"हे पत्त्याचं. अजून वर. हां, ते."

त्या ओळीवर अंगठा थांबला. "टिंब फार जोरात मारलंय," ते म्हणाले. "आरपार गेलंय." मग पुन्हा पहिल्यापासून, हळूहळू, अक्षर अक्षर चाचपत गेले. काकांनी मान दुसरीकडे वळवली.

"दुरुस्त करायला लागेल?" अण्णांनी विचारलं.

"लागेल. खतात माझं नाव आहे ना. मी उद्याच जातो. उद्या सकाळी पहिला नंबर."

"जा की. पण इतके दिवस थांबलास, आणखी आठ दिवस थांब." अंगठा अजून त्या ओळीवरच होता. "आठ दिवस मला मालक राहू दे."

आठ दिवसांनी मी दुरुस्तीचा अर्ज दिला, काकांनी लिहिलेला, माझं एक अक्षरही न घालता. क्लार्क म्हणाला, टायपिस्ट रजेवर आहे, वेळ लागेल. मी म्हणालो, "सावकाश होऊ दे सार, काही घाई नाही." त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक त्याला वाटलं, आज थोरला भाऊ आलाय.