दादाचा हात उठला तेव्हा

माझा भाऊ माणसांना हात न लावता पाडायचा. म्हणजे तो तसं म्हणायचा, आणि पडणारेही म्हणायचे. मी फिजिओथेरपिस्ट. माणसांना उभं करण्यावर माझं पोट चालतं. त्यामुळे या बाबतीत आमचं दोघांचं कधी पटलं नाही.

बाबा नोकरीसाठी फरीदाबादला आले, आम्ही इथेच वाढलो. दादा एका कारखान्यात परचेसमध्ये होता, पण त्याला विचारलंत तर तो स्वतःला 'ताई ची' ही संथ हालचालींची चिनी युद्धकला शिकवणारा म्हणवायचा. कॉलेजात असताना दिल्लीत मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत राहायचा, तिथे कुणाकडून तरी शिकला, आणि 'आतली शक्ती' त्याच्या तोंडात बसली ती बसलीच. रोज सकाळी सेक्टरच्या पार्कात त्याचा क्लास असायचा. शेवटी एकेक शिष्य समोर उभा राहायचा, दादा उजवा हात छातीपर्यंत उचलायचा, तळवा पुढे, आणि समोरचा धडपडत मागे जाऊन गवतावर बसायचा. सुरुवातीला निदान हात लागायचा. पुढे पुढे तेवढीही गरज उरली नाही.

नवा माणूस कधीकधी न पडता उभा राहायचा. दादा रागवायचा नाही. "अभी अंदर से बंद हो," म्हणायचा, अगदी मायेने. आता चारचौघांत बंद म्हणवून घ्यायला कुणाला आवडतं? काही दिवसांत तोही उघडायचा आणि पडायला लागायचा. छान पडणाऱ्यांना पुढच्या रांगेत जागा. हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि कुणी खोटंही बोलत नव्हतं, हे आधीच सांगते. ती साधी, भली माणसं होती. दादावर त्यांचा जीव होता.

मलाही एकदा समोर उभं केलं होतं. दादाने हात उचलला, मी आपली उभीच. सगळे बघायला लागले. मी म्हटलं, "दादा, मागची टाच रोव, कंबर वळव, मग हात लाव. जाईन की मी मागे. जोर पायातून येतो, कंबरेतून वर चढतो. हवेतून नाही येत."

"तू बंद आहेस, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "तुला हाडांपलीकडे काही दिसत नाही."

"हाडं आहेत म्हणून तू उभा आहेस."

वहिनी हसली, दादा नाही हसला. मग हे भांडण आमच्या घरचंच झालं. दिवाळीला, गणपतीत, कधीही भेटलो की एकदा व्हायचंच. वहिनी म्हणायची, तुमचं झालं की सांगा, मी पानं घेते.

मागच्या हिवाळ्यात, बाहेर धूर इतका की बाल्कनीतून पार्क दिसत नव्हता, तेव्हा दादा दात घासता घासता खाली बसला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं पण राहिलं. हॉस्पिटलमधून घरी आणला आणि मी रोज सकाळी जायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जे काय परत यायचं ते या काही महिन्यांत. दादाने मनाशी एकच धरलं होतं. होळीनंतर पार्कात उभं राहायचं, त्याच जागी, तोच हात उचलून.

मी त्याचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, चल, खांद्यातून उचल. तो म्हणायचा, "थांब. आधी पाठवू दे." डोळे मिटायचा, पोटावर डावा हात ठेवायचा आणि काहीतरी पाठवत बसायचा. मला हसू यायचं, वैतागही यायचा. मग हळूहळू दोन्ही बंद झालं. माझे पेशंट कंटाळतात, रडतात, ताई आज राहू दे ना म्हणतात. हा एकदाही म्हणाला नाही. मी निघून गेल्यावरही तो पाठवत बसलेला असायचा, आणि पाठवता पाठवता हात हलवत असायचा, हे वहिनीने मला सांगितलं. हात हलवणं महत्त्वाचं. त्याला तो काय नाव देतो याच्याशी मला काय करायचंय? खांदा जागा झाला. हात मांडीवरून वर यायला लागला, मनगट लोंबतं, बोटं मेलेली, पण वर येत होता. मी मनात म्हटलं, पाठव बाबा, काय पाठवायचं ते पाठव.

मग एका रविवारी त्याचे दोन शिष्य भेटायला आले. एक रिटायर झालेले बँकवाले अंकल, क्लासच्या पहिल्या दिवसापासूनचे. दुसरा गुरुग्रामच्या ऑफिसात काम करणारा, मेट्रो बदलून बदलून आलेला. वहिनी चहाला आत गेली. ते दोघे दादाच्या खुर्चीसमोर हात जोडून उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. दादा लहान मुलासारखा खूश झाला होता. "देखो," म्हणाला, "उठने लगा है." आणि त्याने हात उचलला.

ते दोघे पडले.

गुरुग्रामवाला मागच्या सोफ्यावर आदळला. अंकल चपलांच्या रॅकवर गेले, चपला खाली आल्या. अहो, नाटक नव्हतं ते. डोळ्यांपुढे तो हात वर आला आणि इतक्या वर्षांची सवय पायांत उतरली, एवढंच.

दादाचा हात अजून वर होता, मनगट लोंबत होतं. त्याने हाताकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"क्यों गिरे?"

"सर, आपने हाथ उठाया ना," अंकल चपला उचलत म्हणाले.

"हाथ में तो कुछ है ही नहीं."

"है, सर. बहुत है. हमें लगा." अंकलच्या डोळ्यांत पाणी होतं. याहून वाईट उत्तर नव्हतं, आणि ते अगदी मनापासून आलं होतं.

दादाने हात मांडीवर ठेवला, डाव्या हाताने नीट सरळ केला. "चाय पीजिए," म्हणाला.

ते गेल्यावर त्याने मला विचारलं, "या हातात जोर किती आहे? खरं सांग."

"खांद्यात थोडा. पुढे काही नाही."

"म्हणजे माशीसुद्धा उडणार नाही."

"नाही उडणार," मी म्हटलं. मी त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि तो विचारत होता तेही त्याचसाठी.

दुसऱ्या दिवसापासून त्याने डोळे मिटणं बंद केलं. मी सांगेन ते करायचा. पाय मागे घे, पुढे वाक, नाक पायाच्या बोटांच्या पुढे, आता ऊठ. उठायचा. आधी टाच, मग बोटं. चालायचा. मी नसताना मात्र काही करायचा नाही, टीव्ही लावून बसायचा. एकदा म्हणाला, "तूच बरोबर होतीस गं. पायातून, कंबरेतून. बाकी सगळं हवेत." इतकी वर्षं मला हे वाक्य ऐकायचं होतं. ऐकलं तेव्हा त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्याचा उजवा हात मात्र होता तिथेच थांबला. तो तसाही थांबला असता कदाचित, आमच्या धंद्यात असं होतं, कारण छातीठोकपणे सांगता येत नाही. पण मला जे वाटतं ते वाटतंच. होळी आली आणि गेली. शिष्यांचे फोन आले की वहिनीला सांगायला लावायचा, झोपलेत म्हणून.

कूलर बाहेर निघाले त्या दिवसांत मी त्याला नवा व्यायाम दिला. शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर आणायचा. उजवा पाय पुढे, डावा मागे, बाजूला टेबल, मागे वहिनी. काठी टेबलाला टेकवून ठेवली. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "डावा हात माझ्या खांद्यावर ठेव. मागची टाच दाबून पुढे ये."

तो पुढे आला. टाच, गुडघा, कंबर, खांदा, तळवा, एकामागून एक, काही सांडलं नाही, काही अडलं नाही. मी तयार नव्हते. दोन पावलं मागे गेले आणि दिवाणावर धपकन बसले. इतक्या वर्षांत त्याने कुणाला दिलेला हा पहिला खरा धक्का असावा, आणि इतका सुंदर धक्का मी कुणाचाच अनुभवला नव्हता.

"दादा," मी म्हटलं, "हा खरा होता. आईशप्पथ. मी मुद्दाम नाही बसले."

मला वाटलं, हसेल.

"निदान तू तरी पडायला नको होतंस," तो म्हणाला.

मी शपथा घेत होते, वहिनी पण सांगत होती, अहो खरंच ढकललंत तुम्ही. त्याने काठी घेतली आणि आतल्या खोलीकडे निघाला. आधी टाच, मग बोटं, मी शिकवलं होतं तसं, एकदाही न चुकता.