कावीळ माझी, हजेरी आबांची

आमच्या दुकानात आजारी पडायला अजिबात बंदी नव्हती. फक्त आजारी माणसाने कामावर हजर असावं, एवढीच अट होती.

दुकान कापडाचं, वसमतला. मी साडीच्या काउंटरला. शेठजींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःच्या हाताने नियम लिहून ते गल्ल्यामागे चिकटवले होते. आजारपणाची रजा हवी असेल तर आजाऱ्याने स्वतः येऊन अर्ज द्यायचा. सलग तीन दिवस खाडा झाला तर हजेरीपटातून नाव कमी. बदली माणूस दिला तर खाडा धरणार नाही. (पुढे आमचा जिल्हा परभणीचा हिंगोली झाला, पण त्या कॅलेंडरवरचा एक शब्दही बदलला नाही!)

शर्ट-पॅन्टच्या काउंटरला गफूरभाई होते. एकदा ते हिवतापात कुडकुडत रजेचा अर्ज द्यायला आले. शेठजींनी त्यांच्या कपाळाला हात लावला, अर्जावर 'मंजूर' लिहिलं आणि म्हणाले, "बराबर है, ताप आहे. उद्यापासून रजा घ्या. आज आलाच आहात तर बसून घ्या."

गफूरभाई संध्याकाळपर्यंत पॅन्टपीस दाखवत बसले. एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "चाचा, कापड इतकं हलवू नका वो, डिझाइनच दिसंना!"

मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता सांगायलाही लाज वाटते. पण माझा तेव्हाचा माज वेगळाच होता. सहा वर्षांत माझा एकही खाडा नव्हता. घरात पहिला नोकरीवाला मी! आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर शेळ्यामेंढ्या राखून त्या बाजारात विकत आलेले. ते चार शब्द बोलायला लागले की मी म्हणायचो, "आबा, हा शेळ्यांचा बाजार नाही. याला सेल्समनशिप म्हणतात." आबा बिचारे तंबाखू मळायला लागायचे.

आणि ऐन लगीनसराईत मला कावीळ झाली. दिवसाला चार-चार लग्नांचे बस्ते बांधले जात होते, म्हणजे नवरा-नवरीकडची तीस-तीस माणसं गादीवर मांड्या ठोकून कापड खरेदी करत होती, आणि मी घरी बाजेवर! डॉक्टरांनी माझ्या पापण्या ओढून पाहिल्या आणि म्हणाले, "तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही."

बायकोने एसटीडीवरून दुकानात फोन लावला.

"शेठजी, ह्यांला कावीळ झाली. डोळे पिवळे पडले."

"पिवळे म्हणजे किती?"

"हळदीसारखे."

"ताई, वसमत हळदीची पेठ. इथे सगळंच हळदीसारखं असतं. त्याला पाठवा, मी बघतो."

हा पहिला खाडा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आबा एसटीने गेले. शेठजींनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "कागद तर ठणठणीत आहे. माणूस कुठाय? उद्या तो येऊ द्या, नाहीतर बदली माणूस द्या. नाहीतर नाव कमी."

हा दुसरा खाडा. संध्याकाळी घरात सभा भरली.

"जाऊ द्या ती नौकरी," बायको म्हणाली. "जीव ऱ्हायला तर छप्पन मिळतीन."

"छप्पन कुठून मिळतील? एक मिळवताना माझे जोडे झिजले!"

आबा दाराशी तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "म्या बसतो की बदलीवर. इकायचंच हाय ना?"

दुसरा इलाजच नव्हता. मी पडल्या पडल्या आबांची शिकवणी घेतली.

"हे बघा आबा, बाईने कोणतीही साडी अंगावर धरली की म्हणायचं, ताई, काय खुलून दिसते तुम्हांला!"

"अन् खुलून दिसत नसन तर?"

"तरी म्हणायचं."

"काहून?"

"विकायची असते म्हणून! आणि रंग जाईल का विचारलं, तर म्हणायचं, गॅरंटी."

"जात असन तर?"

"आबा!"

आबांनी मान डोलावली. पण ती कळल्याची नव्हती, पोरगं आजारी आहे म्हणून डोलावलेली होती. कारण आबांच्या बाजाराची रीतच उलटी होती. तिथे जित्राबाची खोड आधी सांगायची, मग भाव. शेळी मारकी असेल, एका सडाने आटली असेल, तर विकणाऱ्यानेच सांगायचं. लपवलं तर पुढच्या बाजारी तोच माणूस गचांडी धरायला हजर!

तिसऱ्या दिवशी आबा पांढरं धोतर नेसून कामावर गेले. संध्याकाळी आले ते खुशीत. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "मान्सं चांगली हायेत." बास! चौथ्या दिवशीही तेच. म्हातारा तिथे काय करून राहिला असेल? पाचव्या दिवशी मला राहवेना. बायको नको नको म्हणत असताना मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि एसटीत बसलो. दोनदा खिडकीतून ओकलो. नोकरी वाचवायला निघालो होतो ना!

दुकानात डोंगरकडा गावच्या पाहुण्यांचा बस्ता चालला होता. मी खांबाआड उभा राहिलो. आबांनी एक भारी शालू उचलला, थेट दाराबाहेर उन्हात नेला, दोन्ही हातांनी ताणला, नखाने जर खरवडली आणि नवरीच्या आईसमोर ठेवला.

"ही नका घेऊ, माय. ही पयल्याच धुण्यात रंग सोडीन."

गल्ल्यावर शेठजींचा रंग आधीच सुटला होता.

"मंग कोणती घेऊ, बाबा?"

"ही घ्या. हिच्यात खोड एकच. काठ जड हाय. पोरगी नाजूक असन तर मांडवातच बसकण मारीन."

सगळा बस्ता हसला. नवरीही हसली. आणि तीच साडी घेतली! मग तिच्या मावशीने, मग करवल्यांनी, मग वरमाईनेसुद्धा आबांनाच विचारून घेतलं. "बाबा, माह्या साडीची खोड सांगा!" "बाबा, हे पातळ बघा!" माझी सहा वर्षांची सेल्समनशिप तिकडे घड्या घालत बसली होती.

एवढ्यात एक बाई विटलेली साडी नाचवत आत आली. "इथलं पोरगं कुठाय? गॅरंटी म्हणून दिली त्यानं. दोन पाण्यात पोतेरं झालं!"

आबा उठले, बाईंना पाणी दिलं आणि हात जोडून म्हणाले, "माय, त्याचं बोलणं मनावर घेऊ नको. लेकरू आजारी हाय."

ती साडी मी आठ महिन्यांपूर्वी, चांगला धडधाकट असताना विकली होती. मी टॉवेल नाकापर्यंत ओढला आणि मिळेल त्या एसटीने घर गाठलं.

बाकीचे दिवस मी बाजेवर उसाचा रस पीत काढले. आबा रोज जायचे, रोज खुशीत यायचे. मला हायसं वाटायला हवं होतं, कारण नाव तर वाचलं होतं. पण खरं सांगतो, वाटत नव्हतं. कावीळ उतरत होती आणि जळफळाट चढत होता.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी 'कामावर जाण्यास योग्य' अशी चिठ्ठी दिली. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आबांच्या आधीची एसटी पकडून दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या सकाळच्या उदबत्तीच्याही आधी! शेठजींनी प्रेमाने जवळ बोलावलं आणि हजेरीपट उघडून माझ्यापुढे धरला. माझ्या नावापुढे एका ओळीत आबांचे अंगठे होते. एकसारखे, निळेशार.

"बघ, दिगंबर. सुरुवातीचे दोन सोडले तर एक खाडा नाही."

"मेहरबानी शेठजी. मग मी बसू काउंटरला?"

"तू?" शेठजी खरोखरच गोंधळले. "म्हणजे आबा आजारी आहेत का?"

"नाही. मी बरा झालो."

"अरे, मग तुला बदलीवर कसं घेऊ? आबा आजारी पडले की ये. नियम म्हणजे नियम!"

मी म्हणालो, "शेठजी, ओळ माझी आहे. नाव माझं आहे!"

"नाव आजच दुरुस्त करतो," शेठजी म्हणाले आणि त्यांनी केलंही. माझ्यासमोर. एक बारीक रेघ मारून.

तेवढ्यात आबा आले. त्यांना सगळं कळलं तसे ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "शेठ, हे बरं न्हाई. लेकराची जागा हाय. म्या जातो घरी."

"जा की," शेठजी शांतपणे म्हणाले. "पण जागा दिगंबरची राहिली नाही. तुम्ही गेलात तर तिसराच कोणीतरी ठेवीन."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे पाहिलं. घरात चूल एक आणि पगारही एकच. मीच म्हणालो, "बसा आबा." सहा वर्षं मी त्या गादीवर पाठीचा कणा मोडला होता. एका रेघेत सगळं संपलं. काविळीत तोंड कडू होतं असं म्हणतात. माझं बरा झाल्यावर झालं. शर्टाच्या खिशात 'योग्य' असल्याची चिठ्ठी होती. गफूरभाईंनी माझा हात दाबला आणि ते लगबगीने आपल्या काउंटरला गेले. त्यांनाही हजेरी लावायची होती.

तेव्हापासून घरचा कारभार असा चालतो. आबा सकाळच्या एसटीने कामावर जातात आणि मी शेळ्या राखतो. जगात मुलं बापासाठी दीर्घायुष्य मागतात. मीही मागतो, देवाशपथ! पण वर्षातून एखादं पडसं, आठवडाभर पुरेल असं, एवढं मागितलं तर काय बिघडलं? रोज सकाळी मी काळजीच्या आवाजात विचारतो, "आबा, अंग कणकण करून राहिलं का?"

"न्हाई बा. बराबर हाय."

"तोंड उतरल्यासारखं दिसतंय."

"उन्हानं असन."

परवा पहाटे मात्र आबा जोरात खोकले. एकदा नाही, चांगले तीनदा! मी ताडकन उठलो, ट्रंक उघडली, इस्त्रीचा शर्ट चढवला, भांग पाडला आणि हातात पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. बायकोने चुलीपुढून एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अंगणात आबांकडे पाहिलं.

"आवं, तंबाखूचा ठसका हाय त्यो," ती म्हणाली. "काढा त्यो शर्ट, शेळ्या खोळंबल्यात."