पांढरा रुमाल

त्यांच्या त्या पांढऱ्या रुमालाला एकदा आग लावावी असं मला वाटतं.

आमच्या सौसरच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकत्र प्यायच्या द्राक्षरसाचा, प्याला रांगेतून फिरवायचं काम या बुजुर्गांचं. धंद्यानं शिंपी. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण मायेनं लावून देतात आणि म्हणतात, "आपण देवाचे निवडलेले लोक आहो, समजलं का? तो आपल्याले तळहातावर ठेवून राहिला."

रामाकोना गावच्या दलित वस्तीतली एक मजूर बाई बाप्तिस्मा घेऊन आमच्यात आली. त्या रविवारी तिच्याआधी आठ जण एकाच प्याल्यातून प्याले, तोवर रुमाल खिशातच होता. नववी ती. तिचे ओठ लागले आणि यांनी रुमाल काढून प्याल्याची कड घासघासून पुसली. सगळ्यांसमोर. मग प्याला माझ्यापुढे धरला. मी मुकाट्यानं प्यालो. त्याचाही राग येतो.

पुढच्या वेळी ती घरून स्टीलचा पेला घेऊन आली. यांनी त्यात वरूनच ओतलं आणि माझ्याकडे वळून समाधानानं हसले.

"पाहा, किती समजदार बाई आहे! देव बरोबर माणसं निवडते."