एक बादली पाण्याएवढा वेळ

हॅगमिअर गावात थॉमसिन रंबोल्डला दूध विकायचं तर विकणाऱ्याला आधी स्वतः एक घोट पिऊन दाखवावा लागे. गिरणीतून पीठ आलं की मूठभर पीठ खिडकीशी नेऊन त्यात खडू तर मिसळलेला नाही ना, हे ती बघे. दुपारची घंटा वाजली की अंगणातली सावली बघे, कारण घंटा वाजवणारा म्हातारा झोपाळू होता आणि झोपाळू माणसाच्या दुपारवर तिचा भरवसा नव्हता. बाई मनाची वाईट नव्हती. कोणी आजारी पडलं तर पहिला रस्सा तिच्याच घरून जायचा. फक्त भांडं परत आलं की ते आपलंच आहे ना, हे ती तळाच्या पोच्यावरून ताडून घ्यायची. नवरा एडमंड मोठा सोशिक गडी. तो म्हणायचा, आमच्या दारात कुत्रा कशाला हवा?

वाचायला शिकली तीही संशयापोटीच म्हणायची. लहानपणी आत्याने तिला मूठ असलेल्या लाकडी पाटीवर डकवलेली छापील अक्षरं ओळखायला शिकवलं होतं. लिहायला कोणी शिकवलं नाही, कारण मुलीने लिहून करायचं काय? लग्नानंतर तिने हट्टाने एक छापील बायबल घ्यायला लावलं. दर रविवारी पाद्री वाचू लागला की ही मांडीवर पुस्तक उघडून बोटाने त्याच्या मागोमाग जाई. एका रविवारी थंडी मी म्हणत होती आणि पाद्री पेनफोल्डने मधल्या तीन ओळी गाळल्या. थॉमसिन खोकली. पाद्रीबाबा मुकाट्याने मागे गेले आणि त्या तीन ओळी वाचल्या. पुन्हा कधी त्यांनी एक शब्द गाळला नाही, आणि पुन्हा कधी थॉमसिनशी मोकळेपणाने हसलेही नाहीत.

गादीवर म्हाताऱ्या राणीच्या जागी राजा आल्याला सहा-सात वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात, नाताळ उलटून दोन आठवड्यांनी, एडमंडच्या छातीत पाणी झालं आणि तो उठेल अशी आशा राहिली नाही. मूलबाळ नव्हतं. राहतं घर आणि पाठीमागची सफरचंदाची अकरा झाडं जहागिरीची होती, रंबोल्ड नुसते कूळ. कूळ मरायला टेकलं की त्याने दुसऱ्या दोन कुळांना बोलवायचं, त्यांच्या हातात खूण म्हणून एक काठी द्यायची आणि घर कोणाला जावं ते सांगायचं, अशी तिथली वहिवाट. पुढे जहागिरीची कचेरी भरली की त्या दोघांनी तिथल्या कारभाऱ्यासमोर उभं राहून ते सांगायचं. सांगायला कोणी आलंच नाही, तर घर जहागिरीत परत जाई आणि कारभारी ते मन मानेल त्याला देई.

एडमंडने बोलावले ते चाकं बनवणारा म्हातारा ॲम्ब्रोस आणि कुंपणापलीकडचा जाइल्स फुल्चर. ते खाटेशी आले तेव्हा एडमंडने बायकोला विहिरीचं ताजं पाणी आणायला पाठवलं. ती बादली घेऊन परत आली तोवर सगळं उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी दोघांच्या सांगण्यावरून चर्मपत्राच्या एका तुकड्यावर सगळं लिहून काढलं. सहीऐवजी ॲम्ब्रोसने खाली चाकाचं चित्र काढलं, जाइल्सने कुंपण छाटायच्या कोयत्याचं, आणि तुकडा थॉमसिनच्या हाती आला. तिसऱ्या दिवशी एडमंड गेला.

रडून झाल्यावर थॉमसिनने तो तुकडा टेबलावर पसरला. हाताने लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं. छापील अक्षरं ओळखणाऱ्याला ती वळणं म्हणजे कोंबडीने उकरलेली माती. पण तिने पाद्रीबाबांकडून तो मजकूर चार वेळा वाचून घेतला, तोंडपाठ केला, आणि घरी येऊन एकेका शब्दावर बोट ठेवत त्या वळणांशी झटत बसली. तीन आठवड्यांत ती वळणं तिने पकडली, आणि पकडली तेव्हाच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

एकाच तुकड्यावर ‘घर’ हा शब्द तीनदा होता आणि तिन्ही वेळा निराळा. एकदा शेवटी ई लावलेली, एकदा ई गायब, एकदा मधलं अक्षरच दुसरं. ‘बायको’ या शब्दात एका ओळीत आय, पुढच्या ओळीत वाय. तिचं स्वतःचं नाव तर वरच्या ओळीतलं खालच्या ओळीतल्याला ओळख देत नव्हतं. एका बायकोच्या दोन बायका कशा झाल्या? उद्या कोणी म्हणेल, हे घर वेगळं आणि ते घर वेगळं, ही थॉमसिन वेगळी आणि ती वेगळी. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती तडक पाद्रीबाबांकडे गेली. ते हसले नाहीत, पण त्यांना हसू येत होतं हे तिला दिसलं. ते म्हणाले, शब्द कानाला एकच लागतो ना, मग झालं. हात जसा वळेल तसं माणूस लिहितो.

"मी माझं स्वतःचं नाव तीन तऱ्हांनी लिहितो, थॉमसिन," ते म्हणाले, "आणि तिन्ही वेळा मीच असतो."

मग त्यांनी तिचंच बायबल उघडून तिच्यापुढे केलं. एका पानावर ‘मुलगा’ हा शब्द वर एक तऱ्हेने आणि खाली दुसऱ्या. ओळीत जागा उरली की छापणारे एखादं अक्षर वाढवतात, अडचण झाली की काढून टाकतात, असं ते म्हणाले. तीस वर्षं तिचं बोट त्या पानावरून फिरलं होतं आणि तिला हे कधी दिसलं नव्हतं. तिची समजूत पटली असं पाद्रीबाबांना वाटलं. पण घरी जाताना थॉमसिन छापणाऱ्यांवरही चिडलेली होती.

तुकड्यातली गडबड पाद्रीबाबांची नसेल, तर मग ती त्यांना सांगणाऱ्याची. ॲम्ब्रोस अर्धा बहिरा, त्याच्या डोक्यात कपट शिरायला वाट नव्हती. राहिला जाइल्स. दहा वर्षांपूर्वी याच जाइल्सने एडमंडकडे ती झाडं मागितली होती. तिचं घर कचेरीत टिकलं नाही, तर कुंपणालगतचा माणूस म्हणून कारभारी पहिल्यांदा विचारेल तो जाइल्सलाच. आणि ती विहिरीवर होती, त्या एक बादली पाण्याएवढ्या वेळात खाटेशी काय बोलणं झालं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. तिने विचारलं तेव्हा जाइल्स खाली बघत म्हणाला होता, जे लिहिलंय तेच. खरं बोलणारा माणूस खाली का बघेल?

लेंटच्या उपासाच्या दिवसांत ॲम्ब्रोस वारला. आता तोंडी सांगणारा एकटा जाइल्स उरला, आणि त्याच आठवड्यात गिरणीपाशी पाच-सहा माणसं पिठासाठी थांबली असताना थॉमसिनचा तोल गेला.

"माझ्या नवऱ्याच्या मरणावर टपून बसला होतास तू," ती जाइल्सला म्हणाली. "त्याच्या तोंडात शब्द घातलेस आणि कागदात फटी ठेवल्यास. चोर आहेस तू, जाइल्स फुल्चर."

गिरणीवाल्याने चाक थांबवलं. जाइल्सचे कान लाल झाले. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि आपलं पोतं तिथेच टाकून निघून गेला. पोतं दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने नेलं.

थॉमसिनला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं. मग तिने फटी बुजवायचं ठरवलं. बाजाराच्या गावी चर्चच्या भिंतीशी अर्ज लिहून देणारा एक माणूस बसे. त्याला तिने चीजचा एक अख्खा गोळा दिला आणि सगळे शब्द सारखे करून घेतले. त्याने पात्याने जुनी शाई खरडली आणि वर नवी अक्षरं बसवली. तिन्ही घरं एकसारखी झाली, दोन्ही बायका एक झाल्या, तिचं नाव वरपासून खालपर्यंत एकच राहिलं. घरी येताना तिने तो तुकडा चार वेळा उघडून बघितला. एडमंड गेल्यापासून त्या रात्री ती पहिल्यांदा नीट झोपली.

ईस्टरनंतर सरायच्या माडीवर कचेरी भरली. बारा कुळं बाकांवर पंच म्हणून बसली होती, पाद्रीबाबा दाराशी उभे होते. जाइल्स आला नव्हता. थॉमसिनने तुकडा पुढे केला. कारभाऱ्याने तो वाचला, परत वाचला, मग उठून खिडकीशी गेला आणि उजेडाला धरला. सात ठिकाणी चर्मपत्र झिरझिरीत झालं होतं आणि त्यातून बाहेरचं आभाळ दिसत होतं.

हे कोणी खरडलं, असं त्याने विचारलं. तिने खरं ते सांगितलं. शब्द सारखे नव्हते, ते सारखे करून घेतले.

"बाई, वाकडंतिकडं होतं तेव्हा मी ते दुसऱ्यांदा बघितलंही नसतं," कारभारी म्हणाला. "माझा कारकून याहून वाकडं लिहितो. पण खरडलेला कागद मी दप्तरात कसा घेऊ? इथे आधी काय होतं ते आता देवालाच ठाऊक."

पाद्रीबाबा पुढे होऊन म्हणाले की मजकूर आधीही हाच होता, मीच लिहिलाय. कारभाऱ्याने त्यांना अदबीने थांबवलं. काठी घेतलेल्या कुळानेच सांगायला हवं होतं. ऐकून लिहिणाऱ्याची साक्ष त्या वहिवाटीत बसत नव्हती. दुसरं कूळ हजर नसेल, तर घर जहागिरीचं.

मग शिरस्त्याप्रमाणे कचेरीच्या शिपायाने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली. जाइल्स फुल्चर. खाली कोणी हललं नाही. दुसरी हाक. थॉमसिनने बाकाची कड घट्ट धरली. मी याला चोर म्हटलं आणि आता याच्याच तोंडाकडे बघत बसले, असं तिला वाटलं आणि स्वतःची विलक्षण लाज वाटली. तरी त्या लाजेच्या तळाशीसुद्धा संशय होताच. हा येणार नाही. आला तरी खोटं सांगेल. याला झाडं हवीत.

तिसऱ्या हाकेला जिना वाजला. जाइल्स वर आला, टोपी काढून उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता बोलू लागला.

"उशाशी काठी नव्हती. एडमंडने केरसुणीतली एक काडी मोडायला सांगितली. ती त्याला धरवेना, म्हणून ॲम्ब्रोसने आणि मी त्याची मूठ धरली. म्हणाला, घर आणि झाडं थॉमसिनला, ती जगेल तोवर."

पंचांमधल्या सर्वांत म्हाताऱ्याने सांगितलं, दोघांतला एक मातीत गेला असेल तर दुसऱ्याचं तोंड चालतं, माझ्या बापाच्या वेळीही चाललं होतं. बाकीच्यांनी माना हलवल्या. कारभाऱ्याने विचारलं, आणखी काही म्हणाला होता का?

"म्हणाला होता. ते कचेरीचं नाही."

"आता इथवर आलास तर सांग."

जाइल्सने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तिला पाण्याला याच बोलण्यासाठी पाठवलं होतं. म्हणाला, जाइल्स, हिला तुझा संशय येणार. चारचौघांत बोलेल तुला. तू रागावून घरी बसलास तर हिचं घर जाईल. तीस वर्षं मी ऐकून घेतलं, आता थोडं तू ऐक."

थॉमसिनने खाली बघितलं.

"मग पहिल्याच हाकेला का आला नाहीस?" कारभाऱ्याने विचारलं.

"रागावलो होतो," जाइल्स म्हणाला. "दोन हाकांपर्यंत रागावलेलाच होतो."

कारभाऱ्याने पांढऱ्या काठीचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं थॉमसिनच्या हातात दिलं. तिने ते घेतलं आणि घर तिचं झालं. कारकुनाने दप्तरात तिचं नाव लिहिलं. शेवटी जादा ई लावलेली होती आणि मधे एक अक्षर कमी होतं. ती टेबलाशीच उभी होती, तिला ते दिसलं. ती काही बोलली नाही.

घरी जायची वाट एकच होती. जाइल्स पुढे आणि ती वीसेक पावलं मागे, अशी दोघं गिरणीपर्यंत चालली. तिथे ती झपझप पुढे गेली आणि त्याच्या बरोबरीने आली. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, पण त्या तोंडाला माफीची सवय नव्हती. गिरणीत चार माणसं पिठासाठी थांबलेली होती. त्यांच्यासमोर ती मोठ्याने म्हणाली, की जाइल्स फुल्चर चोर नाही, मी खोटं बोलले. जाइल्सने मान डोलावली आणि दोघं पुन्हा चालू लागली.

कुंपणाशी आल्यावर तिने विचारलं, "आणखी काय म्हणाला होता तो?"

"काही नाही. एवढंच."

जाइल्स खाली बघत होता. एवढंच नसणार, हे तिला कळलं. एक बादली पाण्याला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा हे बोलणं बरंच लहान होतं. थॉमसिन क्षणभर उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काही न विचारता घरात गेली.